फिरत्या चकतीची कुळकथा

यवतमाळात चायनीजच्या गाडीवर चौघं जमले की मंचुरियनची एक फुल प्लेट मधोमध येते, वर सांबार भुरभुरलेला (पुण्या-मुंबईकरांनी कोथिंबीर वाचावी), आणि चारही चमचे त्याच प्लेटीत पडतात. वणीत, पुसदला हेच. उष्टा चमचा वरणात घातला म्हणून घरी फटका खाल्लेली मंडळी इथं बिनदिक्कत जेवतात.

मंचुरियन मुंबईचं. 1975च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोलकात्याच्या नेल्सन वाँग यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवरनं रस दाट केला. ईशान्य चीनमधल्या मांचुरियाचा त्यात हात नाही. पण मध्ये ठेवलेलं अन्न सगळ्यांनी मिळून खाण्याच्या पद्धतीशी मांचुरियाचा संबंध आहे, आणि तो प्लेगमुळे आलेला आहे.

दक्षिण चीनमधल्या कँटनी जेवणात भाताचा वाडगा ज्याचा त्याचा. वाफवलेला मासा, भाजलेलं बदक, परतलेली पालेभाजी हे सगळं मध्ये, सगळ्यांचं. जो तो आपल्या चॉपस्टिकनं उचलून घेतो. आपली पंगत याच्या उलट: पानं वेगळी, आणि फिरतो तो वाढपी.

1910च्या हिवाळ्यात मांचुरियातल्या हार्बिन शहरात माणसं पटापट मरू लागली. चीन सरकारनं तिथं धाडलेले डॉक्टर वू लियन-ते जन्मानं पेनांगचे, शिक्षणानं केंब्रिजचे. वडील कँटन प्रांतातल्या तैशानचे. मुंबईनं 1896पासून सोसला तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांचा. हा फुप्फुसाचा आहे, श्वासातून पसरतो, असं वू यांनी सांगितलं आणि कापसाचे, जाळीच्या कापडाचे मास्क बांधायला लावले. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही. मास्क न लावता ते रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत वारले. साथीत साठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

ज्यानं हे पाहिलं त्याला तोंडात जाऊन आलेल्या चॉपस्टिक पुन्हा सामाईक भांड्यात बुडताना कसं बघवेल? उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या आपल्या आजीला त्यांचं म्हणणं लगेच पटलं असतं. प्रत्येकाला वेगळं वाढणं सर्वांत सुरक्षित, हे वू जाणून होते; पण चिनी स्वयंपाकाला ते मानवत नाही, हेही. म्हणून 1915च्या सुमारास त्यांनी मधला मार्ग सुचवला: टेबलावर फिरणारी गोल चकती, तिच्यावर भांडी, आणि प्रत्येक भांड्यात वाढून घ्यायचा वेगळा चमचा. मला यातलं शहाणपण आवडतं. सवय मोडायला न सांगता तिच्यातला धोका तेवढा त्यांनी काढून घेतला.

फिरतं टेबल ही काही नवी कल्पना नव्हती. वांग चेन यांच्या 1313च्या शेतीवरील ग्रंथात छपाईचे खिळे मांडायच्या फिरत्या टेबलाचं वर्णन आहे. त्यावर जेवण मात्र नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या घरांतही अशा चकत्या होत्या. हॉटेलात ती रुळली 1950च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये. तिथं जॉनी कॅन यांच्या कँटनी हॉटेलासाठी सोया सॉसच्या धंद्यातल्या जॉर्ज हॉल यांनी बॉल बेअरिंगवर सुरळीत फिरणारी चकती जुळवली. मग ती जगभरच्या चिनी हॉटेलांत गेली. 1972मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले तेव्हा मेजवानीच्या टेबलावरही ती होती.

यवतमाळच्या बाकड्यावर चकतीला जागाच कुठं? प्लेट हातानंच सरकते, आणि शेवटचा गोळा कुणी घ्यायचा यावर भांडण होतं.

हॉटेलांनी वू यांची चकती तेवढी उचलली, वेगळा चमचा बऱ्याच ठिकाणी गळाला. करोना आल्यावर 2020मध्ये चिनी शहरांना वाढायच्या चॉपस्टिक वेगळ्या ठेवा म्हणून पुन्हा प्रचार करावा लागला.