पागेतली काडतुसं

कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा फायरिंगच्या दिवशी सगळ्यात कंटाळवाणं काम फायरिंग संपल्यावर असायचं. प्रत्येकाने पाच गोळ्या झाडल्या की उस्ताद पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायचे. एकदा एक पुंगळी कमी भरली. झालं! सगळी पोरं गुडघ्यावर बसून संध्याकाळपर्यंत गवत विंचरत होती. शेवटी ती एकाच्या बुटात सापडली. पितळेच्या एवढ्याशा तुकड्याचं एवढं काय कौतुक, असं तेव्हा वाटलं होतं.

उत्तर मिळायला आठ वर्षं आणि एक शुक्रवारची रात्र लागली. रिलीज चालू होतं, स्क्रीनकडे बघत बसण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून व्हिडिओ बघत होतो. एक अमेरिकन काका गॅरेजमध्ये शेकडो रिकाम्या पुंगळ्या धूत होते. गरम पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि चमचाभर लिंबूसत्व. मग खळखळून धुवायच्या, वाळवायच्या, आणि मक्याच्या कणसाच्या भुश्श्यात घालून यंत्रात तासन् तास फिरवायच्या. अरे, हे तर आमच्या आजीचं! दिवाळीआधी समया आणि पातेली ती चिंचेने घासायची. आंबटाने पितळेचा काळपटपणा जातो हे टेक्सासपासून तासगावपर्यंत सारखंच.

पण काकांनी शेवटी एक सूचना केली. काहीही वापरा, अमोनिया असलेलं पॉलिश मात्र पुंगळीला लावू नका. का बरं? चमक तर त्यानेही छान येते. त्या 'का'चा माग काढत निघालो आणि थेट आपल्याच पावसाळ्यात, इंग्रजांच्या पागेत येऊन पोचलो.

आधी थोडी बेसिक माहिती. काडतुसाचे चार भाग. पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी (प्रायमर), आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी संपते. उरते ती पुंगळी. तिच्यात साधारण ७०% तांबं आणि ३०% जस्त असतं, आणि तिघींपेक्षा बनवायला तीच जास्त खटपटीची. म्हणून ती धुऊन, नवी टोपी बसवून पुन्हा भरायची पद्धत पडली. १८८० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या दूरदूरच्या ठाण्यांवर नेमबाजीच्या सरावासाठी हेच चालायचं. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा कृपया घरी प्रयोग नकोत :) )

तेव्हाची दारू काळी. जळल्यावर मागे भरपूर काजळी आणि क्षार सोडणारी. पुंगळ्या लगेच पाण्यात टाकून धुतल्या नाहीत तर पितळ खराब व्हायचं. पण ही घाण निदान डोळ्यांना दिसायची. मग १९ व्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली, पुंगळ्या आतून बऱ्याच स्वच्छ निघायला लागल्या, आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्यांदा भरल्यावर फाटायला लागल्या! कारण होतं टोपीतलं पाऱ्याचं फल्मिनेट. टोपी फुटली की पारा सुटायचा. पूर्वी काळ्या दारूची काजळी तो बराचसा आपल्यात सामावून घ्यायची. आता काजळीच नाही, त्यामुळे पारा सरळ पितळेत मुरायचा आणि पितळ ठिसूळ व्हायचं. ते कितीही घासलं तरी सुधारायचं नाही. म्हणून १९०० च्या सुमारास अमेरिकन लष्कराने टोपीतून पारा काढला आणि क्लोरेटवर भर दिला. पुंगळी वाचली, पण क्लोरेटच्या क्षाराने बंदुकीची नळी गंजायला लागली. एक बग काढला की दुसरा डोकं वर काढतो हे तुम्हाआम्हाला काय सांगायला हवं!

असो. आता पागेकडे वळू.

ब्रिटिश फौजांची हिंदुस्थानातली हालचाल पावसाळ्यात मंदावायची. रस्ते चिखलात, नद्या फुगलेल्या. मग काडतुसं कोरड्या छपराखाली ठेवायची, आणि असं छप्पर बऱ्याचदा पागेचं असायचं. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या. तर आतल्या कितीतरी पुंगळ्यांना भेगा गेलेल्या! न वापरलेली काडतुसं, कुणी हात न लावलेली, आणि बरोबर जिथे पुंगळीचं तोंड गोळीवर दाबून बसवलेलं असतं तिथेच तडकलेली. ऐन वेळी असं काडतूस बंदुकीत भरणाऱ्या शिपायाचा विचार करा. त्याच्या जिवाचा प्रश्न, आणि चूक त्याची काडीचीही नाही.

या प्रकाराला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. वाळायला ठेवलेल्या लाकडाला जातात तशा या भेगा दिसायच्या, त्यावरून ते आलं असावं असं मानतात. पण 'सीझन' म्हणजे आपला पावसाळा, असाही अर्थ सहज लागतो. मला इथेच खरी मेख वाटते. एकदा नाव पडलं की माणसाला उत्तर सापडल्यासारखं वाटतं. पावसाळा येतो, पितळ तडकतं, निसर्गापुढे कोण काय करणार?

खरं उत्तर १९२१ मध्ये आलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की दोन गोष्टी एकत्र आल्या की हे घडतं. एक बाहेरची, एक आतली.

बाहेरची म्हणजे अमोनिया. पागेत तो कुठून येणार? घोड्यांच्या मुतातून. (शिष्टाचार सोडून लिहितोय, पण शास्त्राला लाज नसते.) हवेतली ओल पितळेवर बारीक थर धरते, अमोनिया त्यात विरघळतो आणि तांब्याशी संयोग पावून ते हळूहळू विरघळवतो. पावसाळा अगदीच निर्दोष नव्हता, पण तो साथीदार होता. मुख्य आरोपी वेगळाच.

आतली गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. पुंगळी ओतून बनवत नाहीत. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, मग ती वाटी थंडच दाबून ओढून लांब नळी करतात, शेवटी तोंड आवळतात. या ओढाताणीचा ताण धातूच्या अंगात राहून जातो. वर्षभर गुंडाळून ठेवलेलं कॅलेंडर कसं सरळ केलं तरी परत वळायला बघतं, तसं. वरून पुंगळी गुळगुळीत, मापात, चकचकीत. तपासणीत पास. नुसता ताण असता तर ती वर्षानुवर्षं टिकली असती. नुसता अमोनिया असता तर फार तर डाग पडले असते. दोन्ही भेटले की अमोनिया धातूच्या कणांमधल्या सीमारेषेतून आत शिरतो आणि आतला ताण ती फट उघडत नेतो.

आता काकांची सूचना कळली ना? पॉलिशमधला अमोनिया म्हणजे बाटलीत भरलेली पागाच. आणि पुन्हा पुन्हा झाडून, पुन्हा पुन्हा आवळून वापरलेल्या पुंगळीच्या तोंडाशी ताण साठलेला असतोच.

उपाय तसा सोपा निघाला. पुंगळी बनवून झाल्यावर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. एवढ्या उष्णतेत आतला ताण बराच निवळतो आणि धातूचा कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. तोंडाकडचा भाग तर वेगळा, आणखी तापवून मऊ करतात. तिथे निळसर-तपकिरी डाग पडतो. अमेरिकन लष्करी काडतुसांवर हा डाग मुद्दाम तसाच ठेवलेला दिसतो, तापवल्याची खूण म्हणून. दुकानात विकायच्या काडतुसांवरून मात्र तो बहुधा घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. म्हणजे बघा, जो डाग बघून निर्धास्त व्हायचं, तोच आपण घाण समजून पुसतो!

हे सगळं वाचून झालं तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते आणि आमचं रिलीज अडकलं होतं. नेहमीसारखंच. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमचा एक सर्व्हर हमखास झोपतो. आम्ही तो रीस्टार्ट करतो आणि घरी जातो. तिकिटाचं नाव गेली दोन वर्षं 'मंथ-एंड इश्यू' आहे, आणि कारणाच्या रकान्यातही कुणीतरी (बहुतेक मीच) तेच लिहून ठेवलंय. महिना संपतो, सर्व्हर झोपतो, निसर्गापुढे कोण काय करणार!

त्या रात्री रीस्टार्ट करण्याआधी पहिल्यांदाच सगळे लॉग बाजूला काढून ठेवले. आत कुठेतरी ताण आहे आणि बाहेरून कुठूनतरी अमोनिया येतोय, एवढं नक्की. कारणाच्या रकान्यातलं 'मंथ-एंड' खोडून टाकलंय. तो रकाना सध्या रिकामा आहे.