खोडदची जाळी

नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकडीखाली उभं राहून मान वर केली, तर आभाळ आरपार दिसतं. ४५ मीटर व्यासाची ही तबकडी पत्र्याची नाही, जाळीची आहे. स्टेनलेस स्टीलची तार जेमतेम ०.५५ मिलिमीटर जाड. मध्यभागी जाळीची घरं १० मिलिमीटरची, पुढं १५ आणि कडेला २०.

या जाळीचं कूळ थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पोचतं. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ साली सिडनीला शिकायला गेले. तिथं पॉट्स हिलला जेमतेम दोन मीटरच्या ३२ तबकड्यांची रांग होती. ती मोडीत निघणार असं कळल्यावर त्यांनी ती भारतासाठी मागून घेतली. तबकड्या दिल्लीला आल्या. पुढं स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या राहून सूर्याचा वेध घेऊ लागल्या. दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तूवर हात बसवून घेण्याची ही हिंमत मोलाची होती.

मग उटी. १९७० साली तिथं ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. जागेच्या अक्षांशाएवढाच, म्हणजे ११ अंशांचा, उतार असलेली टेकडी शोधून काढली. त्यामुळं दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि ती एकाच आसाभोवती फिरवून आकाशातला एखादा स्रोत तासन्‌तास धरता येऊ लागला. रेडिओ लहरी परतवायला पत्रा नव्हताच. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या ११०० बारीक तारा होत्या.

त्या तारांचीच खोडदला जाळी झाली.

इथं टिपायच्या लहरी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटर लांबीच्या. एवढ्या लांब लहरीच्या लेखी बोटभर भोक नसल्यासारखंच; तिला ती सलग भिंत. वारा मात्र निघून जातो. पत्रा असता, तर वाऱ्याचा सगळा रेटा सांगाड्यावर आला असता, सांगाडा जाड करावा लागला असता आणि खर्च हाताबाहेर गेला असता. म्हणून १६ वक्र चौकटी, त्यांच्यात ताणलेले तारेचे दोर आणि दोरांवर बांधलेली जाळी, एवढ्यावर भागवलं. देखणी काटकसर आहे ही.

अशा तबकड्या ३०. त्यांतल्या १४ किलोमीटरभराच्या चौकात दाटीनं, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, शेताशिवारांतून लांबवर पसरलेल्या. दोन टोकांमधलं जास्तीत जास्त अंतर २५ किलोमीटर. प्रत्येकीचा संकेत प्रकाशतंतूंवरून खोडदच्या मुख्य इमारतीत येतो आणि तिथं तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत जुळवले जातात. रात्रभर पृथ्वी वळते, तशी आकाशाच्या दृष्टीनं प्रत्येक जोडीची दिशा आणि लांबी बदलत जाते, आणि आकाशाच्या चित्रातली एकेक मोकळी जागा भरत येते.