युलिसिस ग्रँट : कौटुंबिक जीवन आणि गुलामगिरीचा प्रश्न

अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट (१८२२–१८८५) यांच्या चरित्रात गुलामगिरीचा प्रश्न प्रथम घरातच उभा राहिलेला दिसतो. वडील जेसी गुलामगिरीचे विरोधक, तर सासरे फ्रेडरिक डेंट मिसुरीतील गुलाममालक होते. १८४८ मध्ये ज्युलिया डेंट यांच्याशी झालेल्या विवाहास ग्रँट यांचे आईवडील उपस्थित राहिले नाहीत. १८५९ मध्ये आर्थिक ओढग्रस्तीतही ग्रँट यांनी विल्यम जोन्स या आपल्या गुलामाला न विकता मुक्त केले. माहेरचे गुलाम मात्र ज्युलिया यांच्या सेवेत राहिले. पुढे १८७० मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती संमत झाली. या धोरणाचे मूल्यमापन करताना त्यामागील कौटुंबिक अंतर्विरोध नजरेआड करता येत नाही.