परसदारी उतरणारे पाहुणे : चबुतऱ्यापासून परसबागेपर्यंत

मनुष्याने धान्य पिकवावयास आरंभ केला तेव्हापासून काही पक्षी त्याच्या घराशी जोडले गेले. चिमणी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. पिंजऱ्यात ठेवलेला पक्षी निराळा आणि आपखुशीने अंगणात उतरणारा रानपक्षी निराळा. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या पाहुण्याचा. पश्चिम भारतात त्याला घराजवळ बोलावण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, आणि त्या बदलात कोणता पक्षी जवळ आला व कोणता दुरावला, हे पाहिले तर २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून उठलेल्या वादाकडेही काहीशा शांत चित्ताने पाहता येईल, असे वाटते.

आपल्या जुन्या घरांनी पक्ष्यांना मुद्दाम बोलावले नव्हते. ती घरेच तशी होती. मातीच्या भिंती, कौलांखालची वळचण, ओसरीवरचे वासे, कोनाडे आणि तसबिरीमागची फट, एवढ्यावर चिमणीचा संसार उभा राहत असे. धान्य घरी पोत्याने येई आणि अंगणात सुपाने पाखडले जाई. सुपाबाहेर उडालेला दाणा हा चिमणीचा हक्कच मानला जाई. मागील दारी विहीर, धुण्याभांड्यांच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, कुंपणाला जास्वंद, एखादा शेवगा, एखादा पेरू. त्यामुळे बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, सातभाई यांची ये-जा दिवसभर असे. सुगीत भाताच्या लोंब्या किंवा ज्वारीची कणसे दाराशी टांगण्याची रीत अनेक गावांतून होती. या सगळ्यास कोणी दानधर्म म्हटले नाही, पक्षिसंवर्धन तर नाहीच.

दानधर्माचे स्वरूप आले ते चबुतऱ्याने. गुजरातेत गावाच्या मध्यभागी किंवा पोळीच्या चौकात उंच खांबावर कोरीव लाकडाची वा दगडाची छत्री उभारीत आणि तिच्यात रोज दाणे टाकीत. अहमदाबादच्या जुन्या पोळींमधून असे चबुतरे आजही पाहावयास मिळतात. उंचीमुळे मांजरा-कुत्र्यांपासून पक्ष्यांचा बचाव होई. तटबंदीच्या आत दाटीने राहणाऱ्या नगरवासीयांना परसदार नव्हते, तेव्हा सर्वांचे मिळून एक परसदार म्हणजे चबुतरा, असे म्हणावयास हरकत नाही. आपले व्यापारी बांधव जेथे जेथे गेले तेथे ही रीत बरोबर घेऊन गेले.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण अध्याय राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावाचा आहे. तेथील रतनलाल मालू या जैन गृहस्थांनी पत्नी सुंदरबाई यांच्यासह १९७० च्या दशकात कबुतरे, चिमण्या अशा गावच्या पक्ष्यांना नित्यनेमाने दाणे घालण्यास सुरुवात केली. तेथे थंडीच्या दिवसांत मध्य आशिया व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे कुरजा, म्हणजे आपण ज्यांना करकोचे म्हणतो ते, प्रथम मोजक्या संख्येने उतरले. पुढे गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेले स्वतंत्र चुग्गाघर उभारले, व्यवसायानिमित्त दूरदेशी गेलेल्या गावकऱ्यांकडून देणग्या येऊ लागल्या आणि काही दशकांत येणाऱ्या पक्ष्यांची संख्या हजारांत गेली. विजेच्या तारांना धडकून पक्षी मरू लागले तेव्हा गावकऱ्यांनी त्या तारांचा प्रश्नही हाती घेतला. (भगवान सुमतीनाथांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच व दिगंबर परंपरेत चकवा मानले जाते, याची येथे सहज आठवण होते.) परंतु खीचनची कथा सांगताना आपण नेहमी ज्वारीच्या पोत्यांचाच हिशेब सांगतो. करकोचे केवळ ज्वारीसाठी थांबले नाहीत. गावालगत रातडी नदी व विजयसागर हे दोन जलाशय आहेत, भोवती मोकळे रान आहे, आणि कोणी दगड मारीत नाही. जून २०२५ मध्ये या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले, ते तेथील पाण्याला आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या जीवांना.

आपल्या महाराष्ट्रात घराभोवतीच्या पक्ष्यांकडे डोळसपणे पाहण्याची सुरुवात एका मीठ व जकात खात्यातील अधिकाऱ्याने केली, हे फारसे कोणास ठाऊक नसते. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. बंगल्याच्या व्हरांड्यात आणि बागेत दिसणाऱ्या जीवांवर त्यांनी विनोदी शैलीत लिहिले आणि १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर स्वतंत्र पुस्तक काढले. पुढे याच सोसायटीच्या दारात एक मुलगा स्वतः मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिची जात विचारावयास आला. ते डॉ. सलीम अली. एका हिंसेतून एवढे मोठे पक्षिप्रेम उगवावे, हे कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकांनी विचार करण्याजोगे आहे.

मुंबईतील कबुतरखाने हे चबुतऱ्याचेच नागर रूप. दादरचा कबुतरखाना १९३३ सालचा, आणि तो वारसा वास्तूंमध्ये गणला जातो. पूर्वजांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. तथापि चबुतरा आणि कबुतरखाना यांत एक भेद पडला. चबुतऱ्यावर चिमणी, होला, पोपट, साळुंकी, खार असे सर्वच येत, कारण सभोवती झाडे होती. कबुतरखान्याभोवती राहिल्या त्या केवळ इमारती. रानातले कबूतर कडेकपारीत राहणारे. त्याच्या दृष्टीने आपले सज्जे आणि खिडक्यांच्या पडद्या म्हणजे डोंगराच्या कपारीच. शिवाय निसर्गाने त्याला एक सोय दिली आहे. कबूतर आपल्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या रसावर पिल्ले वाढवते, त्यामुळे त्याला पिल्लांसाठी वेगळे अन्न शोधावे लागत नाही. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी तिच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे-अळ्याच लागतात. म्हणून नुसत्या दाण्याने कबुतरांचा वंश वाढतो, चिमणीचा वाढत नाही. देशभरच्या निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या पक्षी-अहवालात २००० सालापासून कबुतरांची संख्या दीडशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे म्हटले आहे. चिमणीबाबत २०२० चा अहवाल सांगतो, की देशात एकंदरीत तिची संख्या टिकून आहे, मात्र मोठ्या महानगरांतून ती घटली. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या नष्ट केल्या या लोकप्रिय समजुतीस त्या अहवालात आधार मिळाला नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेले. आपल्या समाजातही घराघरांत दोन मते दिसली. कबुतरांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीत दीर्घकाळ राहिल्याने फुप्फुसाचा विकार जडू शकतो, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. मुक्या जिवाचे अन्न एका रात्रीत तोडणे योग्य नव्हे, हेही खरे आहे. माझे मत विचाराल तर जीवदयेचा अर्थ एका चौकात पडलेल्या पोतीभर दाण्यांपुरता आपण आकुंचित केला, ही मूळ अडचण आहे. जो पक्षी दाणा खातच नाही, त्याच्या वाट्याला आपल्या दयेतले काय येते?

येथे धर्मबंधू एक रास्त प्रश्न विचारतात, की पक्षी किडे खातात, मग त्यांना आश्रय देण्यात आपल्यास दोष लागत नाही काय? दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी-रुग्णालयातही हा प्रश्न आला. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात, तर शिकारी पक्ष्यांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार करतात. परसबागेपुरते उत्तर याहून सोपे आहे. आपण कोणास अळी भरवावयाची नाही. केवळ कीटकनाशकाची फवारणी थांबवावयाची. एवढ्याने आपल्या हातून होणारी हिंसा टळते आणि चिमणीची पिल्लेही वाढतात.

दाणे घालण्यात दोष आहे असे नव्हे, पण बेतशीर घालावेत. ब्रिटनमध्ये बागेतील पक्ष्यांना खाऊ घालणे हा गेल्या शतकभराचा लोकछंद आहे आणि १९७९ पासून तेथे दरवर्षी घराघरांतून बागेतील पक्ष्यांची गणनाही होते. त्याच देशात २००५ नंतर अस्वच्छ दाणापात्रांवरून पसरलेल्या एका रोगाने ग्रीनफिंच नावाचे पक्षी मोठ्या संख्येने मरण पावले. आपल्या नियमांत याचे उत्तर आहेच. सूर्यास्तापूर्वी संपतील तेवढेच दाणे घालावेत, म्हणजे रात्री उंदीर व किडे जमत नाहीत. पाण्याचे मातीचे पसरट भांडे रोज घासून ताजे भरावे. पाणी साचू दिले की त्यात जीव उत्पन्न होतात आणि मग ते फेकताना हिंसा घडते, हे पाणी गाळून वापरणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत दाण्यापेक्षा पाण्यावर अधिक पक्षी येतात. पर्युषणात पाखरे विकत घेऊन सोडण्याची रीत मात्र आता सोडावी. १९७२ च्या कायद्यानुसार रानपक्षी पकडणे व विकणे हा गुन्हा आहे, आणि आपण दिलेल्या पैशातून पारधी पुढचे जाळे विणतो.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २० मार्च २०१० पासून जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला आणि लाकडी घरट्यांचा प्रसार झाला. अशा घरट्याचे भोक साधारण ३२ मिलिमीटरचे असावे. त्यातून चिमणी जाते, कबूतर वा साळुंकी जात नाही. वळचण गेली, तिची ही भरपाई.

परंतु खरा आधार झाडांचाच. वड, पिंपळ, उंबर ही पंच-उदुंबरांतील फळे आपल्यास वर्ज्य आहेत, कारण त्यांत जीव असतात हे पूर्वाचार्यांनी ओळखले होते. तीच फळे तांबट, हरियाल, बुलबुल यांची मेजवानी. मोठ्या आवाराच्या कडेस, भिंतीपासून दूर एक उंबर पुरेसा होतो. लहान परसदारी जास्वंद, डाळिंब, कढीपत्ता चालतो. रुंद पानांच्या झुडपात शिंपी पक्षी येतो. कापडाच्या धंद्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसास त्याच्या कसबापुढे हात जोडावेसे वाटतात. पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून तो त्यातून कापसाचा तंतू किंवा कोळ्याचे जाळे ओवतो. गाठ मारीत नाही. भोकाबाहेर तंतूचे टोक फुलते, तेच गाठीचे काम करते. शेवग्याची तर फांदीच खोचावी. पाऊस स्थिरावला की आषाढात लावलेली फांदी धरते आणि फुलावर आली की शिंजिरांची जोडी आपण होऊन येते.