वेळापत्रक आणि शिदोरी

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. आगगाडीचे वेळापत्रक हेही इतिहासाचे एक साधन आहे असे आम्ही म्हटले, तर श्रोत्यांपैकी काहींना हसू आल्याशिवाय राहणार नाही. परंतु गाडी कोणत्या वेळी सुटावी, कोठे थांबावी आणि किती मिनिटे थांबावी, हे कोणीतरी कोणासाठी तरी ठरवलेले असते. त्या ठरवण्यात कोणाची सोय पाहिली आणि कोणाची गैरसोय गृहीत धरली, हे ज्याला वाचता येईल त्याला समाजाचा इतिहास वाचता येईल. प्रवाशाने काय खाल्ले, कोठे खाल्ले, की उपाशीच राहिला, याचे उत्तर स्वयंपाकघरात शोधण्याआधी वेळापत्रकात शोधावे लागते. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे आणि 21 मैलांचे अंतर. हा प्रवास तासाभराच्या आसपासचा. ठाण्यास पाहुण्यांसाठी तंबू ठोकून खाण्यापिण्याची व्यवस्था केली होती. म्हणजे आपल्या देशातील आगगाडी आणि फराळ यांचे नाते पहिल्याच दिवशी जुळले. मात्र ते निमंत्रितांपुरते! तिकीट काढून बसणाऱ्याची शिदोरी त्याची त्यालाच बांधावी लागणार होती.

पुढे 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि 1858 मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत पोचले. मध्ये बोरघाट उभा. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढे आणि वर दुसरी गाडी पकडी. त्या वेळच्या वेळापत्रकात जणू एक डोंगरच छापलेला होता. 1863 मध्ये घाटातील मार्ग खुला झाला आणि ही पायपीट संपली. तरीही चढण 37 फुटांस 1 फूट अशी. शिवाय वाटेत एके ठिकाणी गाडीला तोंड फिरवून उलट दिशेने निघावे लागे. घाटातली प्रत्येक गाडी त्यामुळे सावकाश चाले, आणि सावकाशीत मुलांना भूक लागते हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही.

वेळापत्रक आले, पण वेळ कोणाची? आज हा प्रश्न विचित्र वाटेल. त्या काळी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ सूर्याप्रमाणे निराळी होती. आगगाड्यांचा कारभार एकसूत्री व्हावा म्हणून देशभर रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने मागे. म्हणजे घरच्या घड्याळावर विसंबून जो बोरीबंदरला गेला, त्याची गाडी अर्ध्या तासापूर्वी सुटलेली असे. 1881 मध्ये सरकारने मुंबईच्या कारभारात मद्रासची वेळ आणून पाहिली, परंतु लोकांनी ती मानली नाही व 1883 मध्ये ती मागे घ्यावी लागली. 1 जानेवारी 1906 पासून हिंदी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून 39 मिनिटे पुढे. मुंबईकरांनी तीही सहजासहजी स्वीकारली नाही. शहरात 1955 पर्यंत ‘मुंबई टाइम’ रेंगाळत राहिली. या हट्टात स्वाभिमान होता, तसा पोटाचा विचारही होता. घड्याळ 39 मिनिटे पुढे केले, तर गिरणीत जाणाऱ्याला तितके आधी उठावे लागणार आणि त्याच्या घरची चूल तितकी आधी पेटावी लागणार. घड्याळाचा काटा पुढे सरकवणाऱ्याला ती चूल दिसत नव्हती.

आता शिदोरीकडे वळू. जुन्या काळच्या मराठी प्रवाशाचे सामान डोळ्यांपुढे आणा: वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. दशमीच का? तर तिचे पीठ दुधात भिजवलेले. त्यामुळे ती सोवळ्याओवळ्याच्या कचाट्यातून सुटत असे आणि दोन दिवस टिकतही असे. आगगाडीने निरनिराळ्या जातींचे गुडघे एका बाकावर एकमेकांना लावले. पण घास मात्र वेगळे राहिले. फलाटावर हिंदू पाणी निराळे आणि मुसलमान पाणी निराळे. पाणीपांडे बादली घेऊन धावे आणि गाडी सुटण्यापूर्वी जितके तांबे भरतील तितके भरी. उरलेल्यांनी पुढच्या स्टेशनपर्यंत कोरड्या घशाने बसावे. तेथे किती वेळ मिळेल, ते पुन्हा वेळापत्रकच ठरवी.

साहेबाची सोय कशी होती, तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट नव्हती. म्हणून न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण या वेळांना गाडी उपाहारगृह असलेल्या मोठ्या स्टेशनवर थांबावी, अशी आखणी केली जाई. पुढे भोजनाचा डबा जोडला जाऊ लागला, तरी पहिल्या वर्गाचा प्रवासी एका स्टेशनवर उतरून त्या डब्यात शिरे आणि पुढच्या थांब्यावर आपल्या डब्यात परत येई. दोन थांब्यांमधले अंतर म्हणजे एका जेवणाचा अवधी! असे वेळापत्रक भुकेच्या घड्याळावर बेतलेले होते, हे कबूल केले पाहिजे. फक्त भूक कोणाची, एवढाच प्रश्न.

तिसऱ्या वर्गाच्या भुकेचा हिशेब त्यात नव्हता. कित्येक दशके त्या डब्यांत शौचकूपही नव्हते. त्यामुळे थांबा हा त्या माणसाच्या केवळ जेवणाचा नव्हे, तर देहधर्माचाही आधार होता. थांबा दोन मिनिटांनी कमी झाला, म्हणजे पहिल्या वर्गातला प्रवासी थोडा लवकर पोचे आणि तिसऱ्या वर्गातल्या म्हातारीची अब्रू पणाला लागे. 1917 मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाने मुंबई ते मद्रास असा प्रवास केला आणि त्याची हकीकत लिहून काढली. बावीस माणसांचा डबा, दोन रात्रींचा प्रवास, झोपण्यास जागा नाही, रायचूरनंतर तर असह्य गर्दी. आणि स्टेशनवर मिळणारा चहा असा, की त्याला चहा म्हणवेना. त्या लेखाची खरी ताकद अशी, की त्यात तक्रारीबरोबर हिशेब आहे: सर्वांत अधिक पैसा ज्या वर्गाकडून मिळतो, त्यालाच सर्वांत कमी सोय का? या प्रश्नाला वय नाही.

1929 मध्ये घाटात नवा मार्ग घालून गाडी उलटवण्याचे स्थानक टाळण्यात आले आणि त्याच सुमारास पुण्यापर्यंत विजेची एंजिने धावू लागली. त्यातून 1 जून 1930 रोजी ‘दख्खनची राणी’ जन्मली. 119 मैल पावणेतीन तासांत! हिच्यात प्रथम फक्त वरचे दोन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला प्रवेश मिळाला तो 1955 मध्ये. घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या शौकिनांची ही गाडी हळूहळू पुण्याच्या नोकरदारांची झाली. सकाळी सव्वासातला पुणे सोडायचे आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मुंबई. या वेळा पाहिल्या की प्रवासी कोण, हे सांगावे लागत नाही. भोजनाचा डबा मात्र या गाडीने सोडला नाही. टेबलाशी बसून ऑम्लेट किंवा चीज टोस्ट खाण्याची चैन, जी एके काळी साहेबाची होती, ती कारकुनाच्या वाट्याला आली. 2022 मध्ये नवे डबे आले, तेव्हाही भोजनाचा डबा नव्याने बांधून जोडला गेला. पण आज हीच गाडी तीन तासांहून अधिक वेळ घेते, हेही नमूद केले पाहिजे. थांबे वाढले, रूळांवरील गर्दी वाढली. नव्वद वर्षांत एंजिनाची शक्ती वाढली आणि प्रवास लांबला, हा चमत्कार केवळ वेळापत्रकच समजावून सांगू शकते.

आता कर्जतचा वडा. हा वडा कोणत्या योजनेतून निघाला नाही. तो घाटातून निघाला. चढ चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा एंजिने लावावी लागत, आजही बहुतेक गाड्यांना लागतात. त्यासाठी गाडीला कर्जतला थांबणे भाग. प्रवाशाच्या सोयीचा विचार न करता दिलेला हा थांबा प्रवाशाला सर्वांत सुखाचा ठरला! आमच्या लहानपणी वडील खाली उतरत आणि आम्ही खिडकीच्या गजांना धरून त्यांच्याकडे डोळे लावून बसत असू. मागे एंजिन लागल्याचा धक्का बसला की आईचा जीव खालीवर होई. कागदातला गरम वडा हातात पडे तो वडिलांसह. तो धक्का, ती धास्ती आणि ती चव ही तिन्ही आमच्या स्मरणात एकच आहेत. इगतपुरीचेही असेच. तेथे एंजिन बदलत असे, म्हणून चहा होता, वडा होता, पाय मोकळे करणे होते. या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही बाजूंचा विद्युतप्रवाह एक झाला, एंजिन बदलण्याचे कारण उरले नाही आणि थांबा आखडला. वेळ वाचला हे खरेच. त्या वेळावर ज्यांची चूल चालत होती, त्यांची नोंद मात्र कोणत्याही पत्रकात नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या विषयात लक्ष घातले नाही, असे नाही. 1954 मध्ये अळगेसन समिती बसली आणि त्यानंतर रेल्वे खात्याने स्वतः उपाहारगृहे चालवण्यास आरंभ केला. 1969 मध्ये राजधानी एक्स्प्रेस आली आणि जेवणाची किंमत तिकिटातच धरण्यात आली. तेथपासून नवे सूत्र निघाले: गाडीने जेवणासाठी थांबावयाचे नाही, जेवणाने गाडीत यावयाचे. आज तर भ्रमणध्वनीवरून पुढच्या स्टेशनवर जेवण मागवता येते. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे सारे ज्याच्या हाती आरक्षित आसनाचा क्रमांक आहे त्याच्यासाठी आहे. बिनआरक्षित डब्यात दाराशी उभा असलेला मजूर आजही फलाटावरच्या दोन मिनिटांवर अवलंबून आहे. ती दोन मिनिटे गेली की त्याचे पाणीही गेले.

वेळापत्रक बदलणे हा काही अन्याय नव्हे. कोकण रेल्वेचे पाहा: पावसाळ्यात दरडींच्या भयाने तेथे निराळे वेळापत्रक लागू होते, वेग कमी होतो, वेळा बदलतात. प्रवासी कुरकुरत का होईना, पण मान्य करतो. कारण त्या बदलामागे आपला जीव राखण्याचा विचार आहे हे त्याला ठाऊक असते. बदल कोणासाठी, हे कळले की गैरसोयही सोसवते.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर एंजिनाचा वेग, रूळांची क्षमता आणि घाटाची चढण यांचे आकडे असतात. त्यांच्याशेजारी आणखी एक आकडा असावा: शेवटच्या डब्यातल्या माणसाला फलाटावर उतरून पाणी भरून परत येण्यास लागणारी मिनिटे. त्यासाठी समितीची गरज नाही. एखाद्याने तांब्या घेऊन एकदा उतरून पाहावे.