जनरेटर चालू, पण लाइट नाही!

आजचा एपिसोड मूर्तिजापूरच्या आमच्या अंगणातून सुरू होतो आणि थेट १८६६ सालात जातो.

गेल्या जूनमधली गोष्ट. वादळ आलं, लाइट गेली. आजीला दमा आहे, नेब्युलायझर लावायची वेळ झालेली. मी अंगणातला जनरेटर सुरू केला. इंजिन मस्त धडधडतंय, पण घरात एक बल्ब लागेना. चेंजओव्हर बघितला, एमसीबी खाली-वर केला. काहीच नाही. मी बीटेक, रोज कोडमधले बग शोधून पोट भरतो, आणि आत आजी धापा टाकतेय.

शेवटी गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. आल्या आल्या म्हणाले, "काऊन बापू, इंजिन फिरलं म्हंजे करंट आला काय?"

त्यांनी मीटर घरात नाही, जनरेटरच्याच टर्मिनलवर लावला. तिथे २३० व्होल्ट असते, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये होता. मीटरने दाखवले चार. म्हणजे दोष जनरेटरच्या आत. काकांनी इंजिन बंद केलं, कार्बन ब्रश तपासले, एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटच्या वायरी काढल्या. मग बाइकची १२ व्होल्टची बॅटरी, प्लस-मायनस नीट बघून, आतल्या फिल्ड कॉइलला दोन-तीन सेकंद लावली. वायरी परत जोडल्या, इंजिन सुरू. मीटरवर २३०! आजीचं मशीन गुरगुरायला लागलं.

"लोखंडाची याद गेलती," काका म्हणाले, "आणून देल्ली."

ही 'याद' म्हणजे काय? १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलं की चुंबक आणि तार एकमेकांजवळ हलवले की वीज तयार होते. पण मोठी वीज हवी तर चुंबकही दणकट हवा. कायमचे चुंबक कमी पडायचे. विजेवर चालणारा चुंबक वापरायचा, तर त्याला आधी वीज द्यावी लागायची. म्हणजे वीज बनवायलाच वीज पाहिजे!

उत्तर एकाच सुमाराला अनेकांना सुचलं. इंग्लंडमध्ये व्हार्लींनी डिसेंबर १८६६ मध्ये पेटंट अर्ज केला. जानेवारी १८६७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांचा शोध बर्लिनच्या अकादमीत मांडला गेला. १४ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीत व्हीटस्टन आणि सीमेन्सचे भाऊ विल्यम यांचे निबंध एकाच दिवशी वाचले गेले. युक्ती साधी होती. लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतंच. त्यातून थोडी वीज येते, ती कॉइलला परत दिली की चुंबक वाढतो, मग वीज आणखी वाढते. कॉम्प्युटर बूट होतो ना, छोट्या प्रोग्रॅमने मोठा प्रोग्रॅम उठवतो, तसंच. पण जनरेटर महिनोन्‌महिने पडून राहिला की ही शिल्लक घटू शकते. मग इंजिन कितीही धडधडो, वीज उठत नाही.

काकांना हे कुठून माहीत? तरुणपणी ते टुरिंग टॉकीजच्या ट्रकवर होते. परदेशातल्या मोटरहोमचे व्हिडिओ आपण बघतो. आपल्याकडे हे ट्रकच फिरती घरं होती. जत्रेत तंबू ठोकायचा, जनरेटर लावायचा, पडद्यावर सिनेमा. माणसं ट्रकमध्येच झोपायची. वीज उठली नाही तर खेळ रद्द, पब्लिकचे पैसे परत. त्यामुळे दुरुस्ती प्रत्येकाला यावीच लागायची. महाराष्ट्रातल्या या लोकांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी केली. २०१६ मध्ये कान महोत्सवात तिचा विशेष उल्लेख झाला. जमलं तर बघा.

२००५ नंतरचं भारनियमन आमच्या पिढीने लहानपणी भोगलं. तेव्हा मेन रोडवर दुकानादुकानापुढे जनरेटर असायचे. आता लाइट बरीच टिकते, म्हणून जनरेटर कोपऱ्यात पडून राहतात आणि नेमके गरजेला दगा देतात.

म्हणून दोन कामं करा. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं जनरेटर लोडवर चालवा, आणि तो उघड्यावरच ठेवा. बंद खोलीतला धूर जीव घेतो. बॅटरीचा प्रयोग मात्र स्वतः करू नका, जाणत्या वायरमनला बोलावा.

आणि तुमच्या गल्लीत असे काका असतील, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांच्याकडचं बरंचसं अजून कुठेच लिहिलेलं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!