मांडावरून तबकडीपर्यंत: उत्तर गोव्याचे गाणे आणि नवा श्रोता

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे दोन उत्तरेकडचे तालुके पोर्तुगीज अमलाखाली उशिरा आले. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच गेली होती. डिचोली 1780 च्या दशकाच्या आरंभी पडली आणि पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेले. मधल्या अडीचशे वर्षांत या तीन तालुक्यांतली, म्हणजे जुन्या काबिजादींतली, देवळे मोडली गेली, 1560 मध्ये इन्क्विझिशन बसले आणि 1736 च्या हुकूमनाम्याने लग्नातली गाणी, वाद्ये, विधी यांच्यावरही बंदी आली. नव्या काबिजादी घेताना मात्र पोर्तुगिजांना तिथल्या धर्मात आणि चालीरीतींत हात न घालण्याची हमी द्यावी लागली. गाण्याच्या इतिहासात या उशिराला फार महत्त्व आहे. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर मांडवी ओलांडून डिचोलीतल्या नार्वे गावी आला आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथले देऊळ बांधून काढायला लावले, हे सर्वांना ठाऊक असते. पण नदी ओलांडून देव आले तसे त्यांचे सेवेकरीही आले, आणि सेवेकऱ्यांत गाणारे-वाजवणारे होतेच, हे सहसा सांगितले जात नाही.

या भागातले सर्वांत जुने गाणे देवळातले नाही, ते जात्यावरचे आणि मांडावरचे आहे. पौषातल्या रात्री बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र अंगणात, दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून धालो गातात. एका ओळीने चरण टाकायचा, दुसरीने तो उचलायचा. जात्यावरची ओवीही दोघींची: दळताना एक सुरू करते, दुसरी पुढे नेते. विषय सासर, माहेर, भाऊ, न परतलेला नवरा, पाऊस. हे ऐकताना अमेरिकेतला ब्लूज आठवतो. तिथे 1865 नंतर, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, मिसिसिपीच्या कापूसपट्टीत कामाच्या आरोळ्यांतून आणि चर्चमधल्या भजनांतून ब्लूज आकाराला आला. त्याची बांधणीही अशीच मोजकी आहे. बारा मापांच्या साच्यात पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचे. शब्द थोडे असतात, फिरवण्याला वाव मोठा असतो. दोन्हीकडे गाणारे माणूस कष्टकरी आहे आणि त्याला कोणी गायक म्हणत नाही. साम्य इथवरच ताणावे. ओवीत वाद्य नाही, ब्लूजमध्ये गिटार हा दुसरा गळाच असतो. उत्तर गोव्यात वाद्य भेटते ते चतुर्थीच्या आरतीत: दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे घुमट, सोबत शामेळ आणि कांसाळे. घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचे आले, आणि जुने वादक नादात फरक पडल्याची तक्रार करतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले.

देवळातले गाणे कलावंतांच्या घराण्यांकडे होते. पालखीपुढे, सभामंडपात, उत्सवाच्या रात्री गाणे हे त्यांचे काम आणि देवस्थानाची जमीन किंवा वतन हा त्याचा मोबदला. मुलीला लहानपणीच तालीम मिळे, पण लग्न मिळत नसे. तिचा सांभाळ यजमानाच्या मर्जीवर चाले. ज्यांच्या गळ्याने देवळाची शोभा वाढे त्यांनाच गावात मान नव्हता, आणि हे सुशिक्षितांनी पुढे अनेक वर्षे सोयीस्करपणे झाकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई वाढली, पैसा तिकडे गेला, आणि ही घराणीही गिरगावाच्या आसपास बिऱ्हाड करू लागली. तिथे उस्ताद होते, शौकीन होते, पुढे नाटक कंपन्या आणि ग्रामोफोनवाले आले.

या स्थलांतरात पेडण्याचे नाव दोन आडनावांतून दिसते. अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म 1883 चा. पेडणे गावालगतचे मालपे त्यांच्या आडनावात आहे. आजी आणि आई दोघी गाणाऱ्या. आठव्या वर्षी त्या भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांकडे बसल्या आणि सोळाव्या वर्षी मुंबईत मैफलीत गायल्या. राजा रविवर्म्याच्या चित्रांना त्यांच्या रूपाची प्रेरणा होती असे सांगतात, आणि बाईंविषयी लिहिणारे बहुतेक जण तिथेच रेंगाळतात. त्यांचे खरे कर्तृत्व नंतरचे आहे. ऐन उमेदीत काही काळ आवाज गेला, तो परत आला. गुरू 1920 मध्ये वारले आणि 1923 मध्ये, चाळिशीतच, त्यांनी मैफली सोडून शिकवणे धरले. कुमार गंधर्वांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 1974 मध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या हिराबाई पेडणेकर. त्या वाढल्या सावंतवाडी-मुंबईकडे, आडनाव पेडण्याचे. गाणे त्यांनी भास्करबुवा बखल्यांकडे शिकले, पण नाव झाले ते लेखनाने. 1904 मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ आणि नंतर ‘संगीत दामिनी’ लिहून त्या मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककारांत गणल्या गेल्या. ‘दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. तरीही कलावंत कुळाचा शिक्का पुसला गेला नाही. उत्तरायुष्य त्यांनी गुहागरजवळच्या पालशेत गावी मुंबईपासून दूर काढले. वसंत कानेटकरांचे ‘कस्तुरीमृग’ त्यांच्याच आयुष्यावर बेतलेले आहे.

हाच काळ अमेरिकेतल्या ब्लूज गायिकांचा. 1920 मध्ये मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी तुफान खपली, 1923 मध्ये मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या निघाल्या. काळ्या स्त्रियांचा आवाज विकला जातो हे कंपन्यांना तेव्हा कळले. हिंदुस्थानात ते अठरा वर्षे आधीच कळले होते: 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. घरंदाज बायका भोंग्यापुढे गायला तयार नव्हत्या आणि उस्तादांना तीन मिनिटांत राग मांडणे कमीपणाचे वाटे, म्हणून सुरुवातीच्या तबकड्यांवर तवायफ, नायकिणी आणि कलावंतिणी भरल्या आहेत. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगते, ते जर्मनीतल्या कारखान्यात तबकडी ओळखता यावी म्हणून. देवळात जिचे नाव कोणी घेत नव्हते तिने ते स्वतः उच्चारलेले आज ऐकू येते.

नव्या श्रोत्याने सुरुवात याच तीन मिनिटांच्या तुकड्यांपासून करावी. दोन तासांच्या ख्यालाने पहिल्याच बैठकीत माणूस थकतो आणि ‘आपल्याला शास्त्रीय कळत नाही’ असा गैरसमज करून घेतो. पहिली निवड केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. (गोव्यात केरी तीन आहेत. केसरबाईंचे केरी फोंड्याचे. पेडण्याचे, तेरेखोलच्या मुखावरचे केरी शिंद्यांच्या सेनापती जिवबादादा केरकरांचे, आणि तिसरे सत्तरीत.) ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीवर आहे. तिच्या लगेच नंतर, त्याच तबकडीवर, ब्लाइंड विली जॉन्सनचे 1927 मध्ये मुद्रित झालेले ‘डार्क वॉज द नाइट’ येते. त्यात शब्दच नाहीत, फक्त हुंकार आणि तारेवर घसरणारी गिटार. हे दोन तुकडे तबकडीवर आहेत त्याच क्रमाने ऐकावेत. ब्लूजची याहून चांगली ओळख मराठी कानाला दुसरी करून देता येणार नाही. दोघांनीही सूर थेट गाठलेला नाही, ते त्याच्या कडेकडेने जातात आणि दुःख त्या घसरणीत आहे.

त्यानंतर बेसी स्मिथचे ‘डाउनहार्टेड ब्लूज’ आणि शोभा गुर्टूंची कोणतीही ठुमरी जोडीने लावावी. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर गोव्याच्याच परंपरेतल्या. ठुमरीत एकच ओळ दहादा येते आणि दर वेळी तिचा अर्थ सरकतो. बेसीचीही युक्ती तीच. इतके ऐकून कान तयार झाला की रॉबर्ट जॉन्सनकडे जायला हरकत नाही. 1936 आणि 1937 मध्ये मुद्रित झालेली त्याची एकोणतीस गाणी हाच त्याचा सारा ठेवा आहे. त्यातले ‘क्रॉस रोड ब्लूज’ आधी, मग शिकागोतला मडी वॉटर्स, शेवटी बी. बी. किंग. उलट क्रमाने, म्हणजे चकचकीत विजेच्या गिटारीपासून मागे येणारे बहुतेक जण वाटेतच थांबतात.

गोव्याच्या बाजूने पुढची पायरी म्हणजे केसरबाईंची ललिता गौरी आणि नट कामोद. त्यांच्यावर सर्वांत जास्त संस्कार अल्लादिया खाँसाहेबांचा, आणि दमसास इतका की तान कुठे तुटते ते सापडत नाही. त्याच गुरूंच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांचे मुद्रण थोडे आहे, पण लय कशी पेलावी ते त्यात कळते. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’, मात्र शेवटी ऐकावा. तो आधी ऐकला की इतर काही ऐकावेसे वाटत नाही, ही अडचण खरीच आहे.

प्रत्यक्ष ब्लूज गोवेकरांच्या हाताला लागला तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा संच तिथे आला, पुढे टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी आपले ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांपर्यंत नेले. 1951 च्या ‘अलबेला’त ते ऐकू येते. हे वादक बहुतेक बार्देश-सासष्टीचे. तिथे चर्चच्या शाळेत मुलाला स्वरलिपी आणि व्हायोलिन मिळत असे. पेडणे-डिचोलीत अशा शाळा नव्हत्या, हार्मोनियम आणि पखवाज होता.

त्या हार्मोनियमचे फळ म्हणजे डिचोली तालुक्यातल्या साखळीचे रामदास कामत (1931–2022). जितेंद्र अभिषेकींचे संगीत असलेल्या, गोवा हिंदू असोसिएशनच्या 1964 च्या ‘मत्स्यगंधा’तली त्यांची ‘गुंतता हृदय हे’ आणि ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ ही पदे नव्या श्रोत्याला अवघड जात नाहीत. शब्द स्वच्छ, चाल आटोपशीर. या पदांच्या आधी दीनानाथ मंगेशकरांची ‘रणदुंदुभि’तली पदे ऐकली तर या गायकीतली झेप कुठून आली तेही कळते.

तबकडीवर न आलेले गाणे अजून पेडण्यात रात्रभर चालते. भातकापणी उरकली की जत्रा आणि दहीकाले सुरू होतात आणि मोचेमाडकर, वालावलकर यांसारखी दशावतारी मंडळे सिंधुदुर्गातून इकडे येतात. संवाद लिहिलेले नसतात, पदे ठरलेली असतात आणि नाट्यपदाची चाल पखवाजावर आल्याबरोबर ओळखू येते. रात्री उशिरा पूर्वरंगातला संकासुराचा धिंगाणा आटोपल्यावर मुख्य आख्यान लागते. गाणे ऐकायचे तर तेव्हा जावे, आणि पेटीवाल्याच्या बाजूला बसावे.